बुडाचा शिक्का बघून 42 हजार घालवले

चार महिने गप्प होतो, घरात सांगायचीच लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात पर्वरीच्या एका ओळखीच्या माणसाने मला एका बरणीचा फोटो पाठवला, ‘घेऊ का, 35 मागतोय’, आणि फोटोत, मला खोटी बरणी विकणाऱ्याच्या घरी होतं तेच शिसवी टेबल, तोच टेबलावरचा फाटका क्रोशाचा रुमाल. म्हणून आता लिहितोच.

मी म्हापशाचा, नोकरी बँकेत, नाद मातीच्या भांड्यांचा. सुरुवात डिचोलीच्या कुंभारांकडनं झाली, मग एकदा पाँडिचेरीला गेलो तेव्हा तिथल्या गोल्डन ब्रिज पॉटरीचे दोन मग आणले आणि तिथनं जे वाचत सुटलो ते बर्नार्ड लीच, जपानचा हमादा, ल्युसी री, हान्स कोपर, असे नावाजलेले कुंभार सगळे पाठ. आणि एक वाईट सवय लागली, भांडं दिसलं की उलटं करून बूड बघायचं. हॉटेलात चहाचा कप रिकामा झाला की उलटा करतो, बायको टेबलाखालून पाय मारते.

त्याच सवयीने घात केला. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात एकाच्या जुन्या सामानातला एक कप मी उलटा केला आणि शेजारी उभा असलेला माणूस लगेच म्हणाला, ‘साहेब, तुम्हाला कळतं. बाकीचे नुसता रंग बघतात.’ झालं, मी तिथेच विकला गेलो. मग त्याने चहा पाजला आणि गोष्ट सांगितली की आसगावला त्यांच्या घरात सत्तरच्या दशकात एक इंग्रज भाड्याने राहायचा, जाताना दोन पेट्या सोडून गेला, त्यात ‘लीच’ आहे. आता आपल्याकडे अशी गोष्ट खोटी वाटणार कशी सांगा, आमच्याच वाड्यावर एका गोऱ्याची बुलेट पंधरा वर्षं गंजत पडली होती.

रविवारी आसगावला गेलो. फूटभर उंच बरणी, काळपट तपकिरी ग्लेझ (वरचा काचेसारखा थर), कडांना गंजासारखी तांबूस. मी उचलली आणि आधी काय केलं असेल तर उलटी केली. बुडावर दोन शिक्के. एका वर्तुळात एस, त्याला छेदून जाणारा आय आणि दोन टिंबं, म्हणजे सेंट आयव्हज, लीच आणि हमादाने 1920 मध्ये कॉर्नवॉलला काढलेली पॉटरी. शेजारी बी आणि एल, म्हणजे बर्नार्ड लीच. सेंट आयव्हजचा शिक्का तिथल्या कारखान्यातल्या साध्या मगांवरपण असतो, तो एकटा असला तर लीचने स्वतः केलंय असं नाही, बी एल असेल तरच. हे मला माहीत होतं! म्हणूनच तर छाती धडधडायला लागली. बरणीचा बाकीचा भाग मी त्यानंतर बघितलाच नाही, खरं सांगतो. साठ म्हणाला, 42 ला तुटलं, गूगल पेवर दिले. पावती दिली त्याने हाताने लिहून, सही नाही, नाव नाही, आणि मजकूर काय तर ‘जुने मातीचे भांडे, 1 नग’. तेव्हा वाटलं साधा माणूस आहे.

लबाडी कळली ती त्याच्याच हावरेपणामुळे. दहा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर दुसरा फोटो आला, ‘हमादा, माशिकोमध्ये बनवलेला, 1960 चा, बुडावर सही आहे.’ आणि मी गार पडलो. कारण माशिको जपानात, आणि हमादा जपानला परत गेल्यावर भांड्यांवर सहीच करत नव्हता. सही असायची ती लाकडी पेटीवर, भांडं कोरं. म्हणजे ह्याने कुठनं तरी नावं गोळा केलेली, अर्धी. मग माझ्या बरणीचं काय?

बरणी पंच्यात गुंडाळली आणि डिचोलीला मामांकडे नेली. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, मी ज्यांच्याकडून गेली कित्येक वर्षं कुंड्या, माठ घेतो ते कुंभार, सत्तरीचे. त्यांनी शिक्का बघितलाच नाही. आधी हात आत घातला कोपरापर्यंत आणि गोल फिरवला. मग मला घालायला लावला. आत एकदम गुळगुळीत. चाकावर ओढलेल्या भांड्याला आत बोटांच्या चढत जाणाऱ्या वळ्या लागतात, तळाला भोवरा लागतो, इथे काहीच नाही. उलट बाहेर जिथे नक्षीचा फुगवटा तिथे आत खळगा. साच्यात पातळ माती ओतून केलेलं. बाजूला उन्हात धरल्यावर वरून खालपर्यंत साच्याच्या जोडाची केसाएवढी रेघ पण दिसली, ग्लेझखाली.

मग त्यांनी बुडाची बिनग्लेझची कडा जिभेला लावली. मला वाटलं चेष्टा करतायत. जीभ चिकटली, सोडवताना चक्क टप् असा आवाज आला. मग बोट बुडवून पाण्याचा एक थेंब ठेवला तिथे, तो बघता बघता आत गेला. ‘उदक पिता मरे ही,’ मामा म्हणाले, म्हणजे पाणी पितेय ही. स्टोनवेअर, म्हणजे माझी बरणी असायला हवी होती तसली दगडासारखी टणक भांडी, बाराशे-तेराशे डिग्रीला भाजतात, माती घट्ट होते, थेंब तसाच बसून राहतो. ही कुठल्यातरी कमी आचेच्या भट्टीतली.

शिक्का शेवटी बघितला, माझ्याच मोबाईलची टॉर्च तिरकी लावून. ओल्या मातीत ठसा दाबला की माती बाजूला सरते, कडेला बारीक उंचवटा येतो, कोपरे गोलसर राहतात, ग्लेझ असेल तर खळग्यात साचतं. माझ्या शिक्क्याच्या कडा चिरलेल्या, टवके उडालेले, एसच्या वळणावर हत्यार घसरल्याचा ओरखडा. भाजल्यानंतर मशीनने कोरलेला, दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या. वर काहीतरी तपकिरी चोळलेलं. मामांनी ओल्या फडक्याने पुसलं तर फडक्यावर बूटपॉलिशचा वास, आणि अक्षरं पांढुरकी. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला.

नंतर वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं (बरं म्हणजे काय, माझ्यासारखे अजून आहेत एवढंच). इंग्लंडमध्ये 1980 च्या सुमाराला एका तुरुंगातल्या कैद्यांनी पॉटरीच्या वर्गात लीचच्या नावाची भांडी केली, शिक्क्यासकट, आणि ती मोठ्या लिलावांत खपली. तिथले जाणकार फसले. पण त्यांनी निदान चाकावर केलेली असणार, मी साच्यातल्याला फसलो.

पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी पावती दोनदा वाचली आणि विचारलं, ‘ह्यात लीच कुठे लिहिलंय?’ जुनं मातीचं भांडं म्हणून घेतलं, जुनं मातीचं भांडं मिळालं. तक्रार घेतली, पण ती पावती त्याने किती विचार करून लिहिली होती ते मला तिथल्या बाकड्यावर बसल्यावर कळलं. घेताना कागदावर कोणाचं, कुठलं, अंदाजे कधीचं आणि तसं न निघाल्यास पैसे परत, एवढं लिहून मागितलं असतं तर तो तिथेच पळाला असता. नंबर आता लागत नाही. घर दोन महिन्यांच्या भाड्याचं होतं, मालक मडगावला, त्यांना इंग्रजही माहीत नाही आणि पेट्याही नाहीत.

पर्वरीवाल्याला मी एवढंच सांगितलं की जाताना पाण्याची बाटली ने आणि बुडावर थेंब टाकून बघ. तो गेला. थेंब टाकू दिला नाही म्हणे, ‘अँटिक खराब होतं’ म्हणून बरणी हातातून काढून घेतली. आता नवीन जागा शिवोलीकडे आहे, टेबल आणि रुमाल तेच. माणूस पन्नाशीचा, गोड बोलतो, डाव्या हातात तांब्याचं कडं, आणि तुम्ही कप उलटा करताय का ते आधी बघतो.