लठ्ठपणा रोखण्याचा खर्च: राज्याने पैसा कर, शाळा की औषधावर लावावा?

अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांत लठ्ठपणाविरोधी योजनांसाठी निधी मागताना बहुधा एकच आकडा पुढे केला जातो. रोगनियंत्रण केंद्राच्या हिशेबाने लठ्ठपणामुळे देशाच्या वैद्यकीय खर्चात २०१९ च्या किमतींनुसार वर्षाला सुमारे १७३ अब्ज डॉलरची भर पडते. मात्र हा आकडा साऱ्या देशाचा आहे आणि त्यावरून एखाद्या राज्याने आपला निर्णय घेणे बरोबर नाही. वयाच्या ६५ व्या वर्षानंतरचा उपचार प्रामुख्याने मेडिकेअर या केंद्रीय योजनेतून होतो, नोकरदारांचा बराचसा भार खासगी विम्यावर पडतो आणि गरिबांसाठीच्या मेडिकेडच्या उपचारखर्चातही किमान निम्मा वाटा केंद्राचा असतो. म्हणजे आज दहा वर्षांच्या मुलासाठी राज्याने खर्चलेल्या डॉलरचे फळ पुष्कळदा अर्ध्या शतकानंतर केंद्र सरकारच्या तिजोरीत जमा होते. म्हणून खाली ज्या पर्यायांची तुलना केली आहे, त्यांत एकूण बचत किती यापेक्षा खर्च कोणाचा, केव्हाचा आणि वाचलेला पैसा कोणाच्या हाती येतो, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे मानले आहेत.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बालपणीच्या लठ्ठपणावरील काही उपायांची एकाच मोजपट्टीने तुलना केली. साखरयुक्त पेयांवरील अबकारी करावर खर्चलेल्या एका डॉलरमागे ३१ डॉलर, शाळेत जेवणाव्यतिरिक्त विकल्या जाणाऱ्या खाद्यपेयांच्या पोषणनियमांमागे सुमारे ५ डॉलर, तर मुलांना उद्देशून केलेल्या अपायकारक पदार्थांच्या जाहिरातींची करसवलत काढून घेण्यामागे ३३ डॉलर वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. गुणोत्तर पाहिले तर जाहिरातींचा उपाय पहिला ठरतो, परंतु ही सवलत मुख्यतः केंद्रीय प्राप्तिकरातली असल्यामुळे राज्याला त्यातला फारच थोडा भाग स्वतःच्या अधिकारात बदलता येतो. शिवाय २०२५ पर्यंत टळू शकणाऱ्या बाललठ्ठपणाच्या प्रकरणांचा अंदाज कराच्या बाबतीत ५,७६,०००, शालेय नियमांच्या बाबतीत ३,४५,००० आणि जाहिरातींच्या बाबतीत १,२९,१०० असा होता.

कराची मुख्य जमेची बाजू अशी की अंमलबजावणीचा खर्च अल्प असतो आणि उत्पन्न पहिल्याच वर्षी, तेही राज्याच्याच हातात येते. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१५ पासून औंसाला (सुमारे ३० मिलिलिटरला) एक सेंट, तर फिलाडेल्फियाने जानेवारी २०१७ पासून दीड सेंट कर लावला. फिलाडेल्फियातील साखळी दुकानांत करपात्र पेयांची विक्री ५१ टक्क्यांनी घटली, पण शहराच्या हद्दीबाहेर वाढलेली खरेदी वजा केल्यावर ही घट ३८ टक्क्यांवर आली. शहरापेक्षा राज्याने कर लावावा, यासाठीचा भक्कम युक्तिवाद खरे तर याच दोन आकड्यांत आहे, कारण राज्याची सीमा ओलांडून शीतपेय आणणे बहुतेकांना परवडणारे नसते. तरीही राज्ये उलट दिशेने गेली आहेत: २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने स्थानिक संस्थांना नवे पेयकर लावण्यास २०३१ पर्यंत मनाई केली आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातील मतदारांनीही तशाच मनाईला कौल दिला. इलिनॉयमधील कुक काउंटीचा कर तर ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू होऊन चार महिन्यांत रद्द झाला. या पर्यायाचा खरा खर्च राजकीय आहे आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. गरीब कुटुंबांवर कराचा बोजा तुलनेने जास्त पडतो हा आक्षेपही रास्त आहे. उत्पन्न त्याच वस्त्यांकडे वळवले तर तो सौम्य होतो, संपत नाही.

शाळेतील उपायांना विरोध कमी होतो, मात्र त्यांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. खाद्यपदार्थांचे नियम २०१० च्या केंद्रीय कायद्यातून आले असून शालेय भोजनाचे अनुदानही केंद्राचे आहे, त्यामुळे राज्याला प्रामुख्याने देखरेखीचाच भार उचलावा लागतो. याउलट मुलांचे वजन व उंची मोजून बीएमआयचे (उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणाऱ्या निर्देशांकाचे) पत्र घरी पाठवण्याची पद्धत, जी आर्कन्सॉ राज्याने २००३ च्या कायद्याने सुरू केली, कर्मचाऱ्यांचा वेळ खाते. कॅलिफोर्नियातील ७९ शाळांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पत्रांमुळे मुलांच्या वजनात सुधारणा दिसली नाही. मोजणीची माहिती धोरण आखण्यासाठी हवी असेल तर नमुना पाहणी पुरेशी आहे. पत्रे पाठवण्यावरचा खर्च थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधांचे गणित मात्र निराळेच आहे. वजन घटवणाऱ्या वेगोव्ही या औषधाला जून २०२१ मध्ये मान्यता मिळाली, त्यातील सेमाग्लुटाइडने चाचण्यांमध्ये सरासरी १५ टक्के वजन घटले आणि त्याची जाहीर किंमत महिन्याला सुमारे १,३५० डॉलर होती. उत्तर कॅरोलिनाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेला वजन घटवणाऱ्या अशा औषधांपायी २०२३ मध्ये दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला आणि १ एप्रिल २०२४ पासून तिने हे संरक्षण बंद केले. उपचार थांबवल्यावर गेलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत येते, हे लक्षात घेतले तर अर्ध्यावर सोडलेली योजना पैसा आणि फायदा दोन्ही गमावते. रुग्णाला या औषधाची गरज आहे, याबद्दल दुमत नसावे, परंतु हा उपचार आहे आणि त्याचा खर्च प्रतिबंधाच्या तरतुदीतून करणे ही हिशेबातली गल्लत आहे. तो पुढची अनेक वर्षे पेलण्याची तयारी असेल तरच राज्याने त्याला हात घालावा.

म्हणून ज्या राज्यात बहुमत आणि धैर्य दोन्ही आहेत, तिथे राज्यव्यापी पेयकर प्रथम यावा. जिथे ते नाही, तिथे शालेय नियमांची काटेकोर अंमलबजावणी हा कमी फळाचा पण टिकाऊ मार्ग आहे. कर निवडणाऱ्यांनी दर मात्र विचारपूर्वक ठरवावा. आर्कन्सॉचा १९९२ चा शीतपेय कर मेडिकेडला पैसा मिळावा म्हणून आला आणि त्याचा दर गॅलनला (१२८ औंसांना) सुमारे २१ सेंट, म्हणजे औंसाला एका सेंटच्या पाचव्या भागाहूनही कमी राहिला. एवढ्याशा दराने तिजोरी भरत राहते आणि पिणाऱ्याची सवय बदलत नाही. दर बर्कलीइतका ठेवला तर विक्री जसजशी घटेल, तसतसे उत्पन्नही घटत जाईल. फिलाडेल्फियाने या उत्पन्नाचा मोठा भाग बालवाड्यांसाठी ठेवला आहे, म्हणजे पेये जितकी कमी विकली जातील तितका बालवाड्यांसाठी दुसरीकडून पैसा शोधावा लागेल.