गाडी चांगली आहे, वासाचं तेवढं बोलतो

मायलेज, पिकअप, डिकीची जागा यावर सगळ्यांचं लिहून झालंय आणि त्यात खोटं काही नाही. पेट्रोल, पाच गिअर, वॉरंटी नुकतीच संपलेली. मी फक्त वासाबद्दल लिहिणार आहे, कारण गेले काही महिने या गाडीने मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही.

वास गोडसर. पाक करताना भांड्याच्या तळाला लागावा तसा. गाडी पळत असताना नाही. बरंच अंतर कापून कुठे थांबलं, इंजिन आणि ब्लोअर चालूच ठेवले, की डॅशबोर्डच्या जाळीतून हळूच येणार. निघालं की गायब. सर्व्हिस सेंटरने एसीचा फिल्टर बदलला, जाळीत सुगंधी फवारा मारला आणि दोन्हींचं बिल लावलं. त्यानंतर वास फुलांसकट यायला लागला. पुन्हा गेलो तर ॲडव्हायझरने रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर नाक धरलं, "साहेब, काहीच येत नाही" म्हणाला आणि जॉब कार्डवर 'नॉर्मल' लिहून मोकळा झाला. थंड इंजिनाला कशाला वास येईल?

मग स्वतःच मागे लागलो. केबिनमध्ये बाहेरची हवा येते ती समोरच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेजवळून. गाडी पळताना बॉनेटखालची गरम हवा खालून मागे निघून जाते; थांबलं की ती वर येते आणि ब्लोअर ती आत ओढतो. त्यामुळे पहिली तपासणी फुकटात होते: वास आला की हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबायचं. नवा वास येणं थांबलं तर उगम बॉनेटखाली. तरीही येतच राहिला, काचेवर आतून तेलकट धुकं धरलं किंवा शेजारच्या सीटपुढचं मॅटिंग ओलं लागलं, तर हीटरचा कॉइल गळतोय आणि डॅशबोर्ड उघडायची तयारी ठेवा. माझ्याकडे मॅटिंग कोरडं होतं आणि बटण दाबल्यावर वास थांबत होता.

गोड वास कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा; त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलचा. (हे विषारी असतं आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, तेव्हा सांडलेलं लगेच धुऊन टाका.) "खाली डाग नाही, मग गळती कसली?" हे मला सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी ऐकवलं गेलं. इंजिन तापलं की कूलंटवर साधारण एक बारचा दाब चढतो, बारीक फट तेव्हाच पाझरते आणि थेंब तापलेल्या धातूवर पडून जागीच उडून जातो. जमिनीपर्यंत पोचणार काय?

यावर उपाय म्हणजे सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण करायची आणि काही दिवस बघत राहायचं. इथे मात्र या गाडीने माझं डोकं फिरवलं. बाटली बॅटरीच्या मागे कोंबलेली, प्लास्टिक मळकट, खालची रेघ एका क्लॅम्पच्या आड. टॉर्च लावून, मान वाकडी करून बघावं लागतं. एवढ्या मोठ्या बॉनेटखाली ही बाटली दिसेल अशी ठेवायला जागा मिळाली नाही? मोबाइल आत घालून फोटो काढायचा आणि तो मोठा करून बघायचा, हा माझा जुगाड. पातळी उतरत होती, हळूहळू, पण नक्की.

इथपर्यंतचं रागात लिहून ठेवलं होतं, शेवटी 'ही गाडी घेऊ नका' असंही होतं. ते आता खोडलंय. बाहेरच्या एका मेकॅनिकने थंड इंजिनावरच बाटलीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावला, दाब भरला आणि काट्याकडे बघत बसला. काटा उतरायला लागला. मग आरसा आणि टॉर्च. थर्मोस्टॅटच्या (इंजिनाच्या तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) प्लास्टिक हाउसिंगखाली गुलाबीसर पांढरी खपली धरलेली, सुकलेल्या कूलंटची. हाउसिंग किंचित वाकलेलं, आतलं रबरी सील चपटं झालेलं. दोन्ही बदललं, कूलंट भरून हवा काढली, वास गेला. एका सीलसाठी अख्ख्या इंजिनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हा हातपंप त्या चकचकीत सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवरही टांगलेला होता, हे मी विसरणार नाही.

पुढच्या ऑइल चेंजनंतर जळक्या तेलाचा वास सुटला. फिल्टर काढताना सायलेन्सरच्या पाइपावर तेल सांडलं होतं. ते जळून संपलं आणि वास आपोआप गेला. गेला नसता, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग बघावं लागलं असतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) महागडं अंदाजपत्रक घेण्याआधी बॅटरीचं चार्जिंग मोजून घ्या. इंजिन चालू असताना ते 15 व्होल्टच्या वर जात असेल तर बॅटरी उकळत असणार. चढावर जळक्या कागदासारखा वास म्हणजे क्लच. आणि बॉनेटखाली कच्च्या पेट्रोलचा वास आला तर तपासण्या करत बसू नका, गाडी बंद करून टो करून न्या.

गाडीला पाचपैकी चार. एक गुण त्या बाटलीच्या जागेसाठी कापलाय. सर्व्हिस सेंटरला शून्य, आणि फवाऱ्याचे पैसे अजून परत मागतोय.