पीएच इलेक्ट्रोड: द्रावण भरायचा की जेलचा?

पीएच इलेक्ट्रोड म्हणजे नमुना किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे मोजणारी कांडी. एका प्रकारात आतलं क्षाराचं द्रावण वरच्या भोकातून भरता येतं, दुसऱ्यात त्याऐवजी कायमचं बंद जेल असतं. मी दोन्ही वापरलेत. जेलचा दोन वर्षांत तीनदा नवा घ्यावा लागला, द्रावण भरायचा अजून तोच चालू आहे. एवढ्यावरून निकाल देणं बरं नाही, कारण आमचे नमुने चिवट, बहुतेक प्रथिनांचे.

जेलवाल्याचं सुख मात्र खरं. भरायची कटकट नाही, बूच उघडं की बंद हे बघायला नको, आडवा ठेवला तरी सांडायचं काही नाही. एकच इलेक्ट्रोड दहा जण वापरणार आणि त्यातले आठ घाईत असणार, तर हाच बरा.

मला वैताग आला तो जेलवाल्याचं रीडिंग थांबत नसल्याचा. पीएच ७ आणि ४ च्या बफरला (पीएच आधीच माहीत असलेली द्रावणं) कॅलिब्रेशन झकास, स्लोप, म्हणजे आदर्शाच्या तुलनेत इलेक्ट्रोडचा प्रतिसाद, ९७ टक्के. नमुन्यात बुडवला की ६.४२, ६.४५, ६.४८... आणि आपण बीकर धरून ताटकळत उभे. काचेचा बल्ब स्वच्छ होता, प्रथिनं बसली होती जंक्शनवर, म्हणजे आतला भाग नमुन्याला जिथे भेटतो त्या सच्छिद्र जागेवर. हायड्रोक्लोरिक आम्लातल्या पेप्सिनमध्ये (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) तासभर ठेवला, चार दिवस नीट चालला, मग पुन्हा तेच. पुढे सिल्व्हर सल्फाइडने जंक्शन काळं पडलं, तेव्हा ते काढायला थायोयुरियात बुडवूनही झालं. बाहेरून कितीही धुवा, आतलं जेल बदलता येत नाही ना!

द्रावण भरायच्याचंही जंक्शन तुंबतं. पण त्यातून पोटॅशियम क्लोराइड हळूहळू बाहेर झिरपत असतं, त्यामुळे नमुना सहसा आत शिरत नाही. तरी अडलंच, तर जुनं द्रावण ड्रॉपरने ओढून काढायचं, ताजं ३ मोलर भरायचं. माझं काम बहुतेक वेळा तेवढ्यावर भागलं. त्याचा त्रास वेगळा: भोकाभोवती मिठाचे पांढरे खडे धरतात, मोजताना बूच उघडायचं आणि नंतर आठवणीने लावायचं. मी दोनदा विसरलो. सकाळी पातळी बरीच खाली गेलेली.

बाकी निगा सारखीच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवणारा आणि टिश्यूने बल्ब घासून पुसणारा दोन्हींचं सारखंच वाटोळं करतो. नुसतं टिपायचं.

साधे, पातळ नमुने असतील तर जेलचा घ्या, मी अडवणार नाही. प्रथिनं किंवा ट्रिस बफर रोजचं असेल तर मात्र भरायचाच बघा, तोही डबल जंक्शनचा, म्हणजे नमुना आणि आतल्या चांदीच्या तारेमध्ये आणखी एक कप्पा असलेला.