तीस वर्षांचं युद्ध टाळायचं, तर इतिहास कुठे वळवायचा?

जर्मन राज्यांमधलं तीस वर्षांचं युद्ध झालंच नसतं, अशी कादंबरी किंवा दीर्घकथा तुम्ही लिहायला घेतली असेल, तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: बदल नेमका कुठे करायचा? १६१८ ते १६४८ या काळात तिथली लोकसंख्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाने घटली, असे अंदाज आहेत. व्युर्टेमबर्ग आणि पोमेरेनियात तर निम्म्याहून जास्त. यातली बहुतेक माणसं तलवारीने मेली नाहीत. उपासमारीने आणि फौजांबरोबर गावोगाव पोहोचलेल्या साथींनी मेली. एवढं मरण टाळायचं तर कारणही तेवढ्या ताकदीचं हवं. विचार करण्याजोग्या जागा तीन आहेत: मे १६१८, ऑगस्ट १६१९ आणि मार्च १६२९.

पहिली जागा सगळ्यांना आधी सुचते. २३ मे १६१८ ला बोहेमियाची (आजच्या चेक देशातलं राज्य) राजधानी प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे, म्हणजे जर्मन राज्यांवरच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या प्रमुखाचे, दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना खिडकीतून खाली फेकलं. तिघेही वाचले. ही घटना घडलीच नाही, असं लिहायला सोपं आणि नाट्यमय आहे. मला मात्र ती जागा कच्ची वाटते. भांडणाचं मूळ खिडकीत नव्हतं. १६०९ च्या सनदेने बोहेमियातल्या प्रोटेस्टंटांना उपासनेचं स्वातंत्र्य मिळालं होतं आणि ती सनद मनातून न मानणारा हाब्सबुर्ग घराण्यातला कट्टर कॅथलिक फर्डिनांड १६१७ मध्ये त्यांचा राजा झाला होता. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया या आपल्या प्रांतात त्याने प्रोटेस्टंट धर्मगुरूंना आधीच हाकलून दिलं होतं. मे टळला असता तर तेच भांडण पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या कारणावरून पेटलं असतं. ही वाट घ्यायचीच असेल तर खिडकी सोडा आणि १६१७ मध्ये जा: फर्डिनांडला राजा म्हणून स्वीकारायला बोहेमियाच्या सभेने नकार दिला, असं दाखवा. बोहेमियाला वाचवणारी वाट तेवढी एकच आहे.

दुसरी जागा म्हणजे एका तरुणाचं एक उत्तर. ऑगस्ट १६१९ मध्ये बंडखोर बोहेमियाने आपला मुकुट हायडेलबर्गच्या फ्रेडरिकला, ऱ्हाइनकाठच्या एका प्रोटेस्टंट राज्याच्या राजाला, देऊ केला. त्याचं वय २३. सासरा, म्हणजे इंग्लंडचा राजा जेम्स, या साहसाच्या विरोधात होता. आई नको म्हणत होती, प्रोटेस्टंट संघातल्या (जर्मन प्रोटेस्टंट राज्यांची युती) बहुतेकांचाही सल्ला तोच होता. फ्रँकफर्टला फर्डिनांडची सम्राट म्हणून निवड झाली तेव्हा फ्रेडरिकच्या वकिलानेही शेवटी त्यालाच मत दिलं होतं! तरी फ्रेडरिक प्रागला गेला. त्याने नकार दिला असता, हे पटवायला लेखकाला काहीच ओढूनताणून आणावं लागत नाही. नकाराचा सल्ला देणारी माणसं आजूबाजूला हजरच आहेत.

त्या नकाराचं वजन समजायला मतांचं गणित पाहावं लागतं. सम्राट निवडणारे इलेक्टर सात. तीन कॅथलिक आर्चबिशप, तीन प्रोटेस्टंट राजे (त्यांतला एक फ्रेडरिक) आणि सातवं मत बोहेमियाच्या राजाचं. बोहेमिया प्रोटेस्टंटाच्या हाती गेला की पारडं फिरतं, म्हणून हाब्सबुर्ग घराणं तो कधीच सोडणार नव्हतं. फ्रेडरिकने मुकुट घेतला आणि बोहेमियाचं बंड साऱ्या साम्राज्याचा प्रश्न बनलं. सम्राटाला केलेल्या मदतीच्या मोबदल्यात बव्हेरियाच्या कॅथलिक माक्सिमिलियानला फ्रेडरिकचंच इलेक्टरपद कबूल झालं, हाब्सबुर्ग घराण्याच्याच दुसऱ्या शाखेच्या स्पेनच्या फौजा ऱ्हाइनकाठी उतरल्या. १६२२ मध्ये हायडेलबर्ग पडलं आणि तिथलं प्रख्यात ग्रंथालय आल्प्स ओलांडून पोपकडे रोमला गेलं. फ्रेडरिक घरी राहिला असता तर बंड बोहेमियापुरतंच चिरडलं गेलं असतं.

ही किंमत कथेत लपवू नका. १६२१ मध्ये प्रागच्या चौकात २७ जणांना मृत्युदंड झाला. या वाटेने तो टळत नाही. कोमेनियससारख्या प्रोटेस्टंट शिक्षणतज्ज्ञाचं देशोधडीला लागणंही बहुधा टळत नाही.

तिसऱ्या जागेबद्दल फार थोडे लेखक विचार करतात. १६२९ मध्ये प्रोटेस्टंटांच्या बाजूने युद्धात उतरलेला डेन्मार्क हरून तह करत होता, सम्राट फर्डिनांड जिंकत आला होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याने फर्मान काढलं: १५५२ नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची मालमत्ता परत करा. सॅक्सनीसारखे सम्राटाशी निष्ठावान ल्युथरपंथी (प्रोटेस्टंट) राजेही त्या फर्मानाने बिथरले. १६३० मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ जर्मनीत उतरला आणि पुढच्या वर्षी सॅक्सनी त्याला जाऊन मिळाली. मे १६३१ मध्ये सम्राटाच्या फौजेने माग्डेबुर्ग हे प्रोटेस्टंट शहर लुटून जाळलं, तेव्हा सुमारे २०,००० माणसं मेली. पुढे १६३५ च्या तहात सम्राटाने तेच फर्मान ४० वर्षांसाठी बाजूला ठेवलं. माघार शक्य होती, हे यातून दिसतं. फक्त ती सहा वर्षं उशिरा आली. या वाटेची कमजोरी एवढीच की बाल्टिकसाठी स्वीडन तरीही आला असता. शिवाय पहिली अकरा वर्षं तशीच राहतात.

मराठी वाचकासाठी इथे एक धागा आहे. १५८० पासून पोर्तुगाल, आणि म्हणून गोवाही, स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होता. १६३५ मध्ये फ्रान्स उघडपणे युद्धात उतरल्यावर स्पेनचा करांचा बोजा वाढला आणि १६४० मध्ये पोर्तुगाल फुटून वेगळा झाला. जर्मनीतलं युद्ध १६२९ मध्येच विझलं असतं तर शिवाजी महाराजांच्या काळात गोव्याचा व्हाइसरॉय कदाचित माद्रिदच्याच आज्ञेत असता.

मोठी कादंबरी असेल तर माझं मत निःसंशय १६१९ ला आहे. पण डच आणि स्पॅनिश यांच्यातला तह १६२१ मध्ये संपणारच होता. ते युद्ध ठेवा. खोट्या नाण्यांची महागाई, थंडीने करपलेली पिकं, चेटकिणींचे खटले हेही ठेवा. फ्रेडरिकची मुलगी सोफिया निर्वासितांच्या घरात हेगला जन्मली आणि तिचा मुलगा पुढे ब्रिटनचा राजा झाला. तुमच्या इतिहासात ते घराणं सवयीने लंडनला पाठवू नका. कथा एका शहराची, पंधरा-वीस पानांची असेल तर १६२९ घ्या आणि माग्डेबुर्ग निवडा.