मोडीच्या वर्गासाठी वापरलेली ऑनलाइन साधने : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

वर्ग चालवण्यासाठी विकत घेतलेल्या ॲपची वार्षिक वर्गणी नुकतीच संपली आणि मी ती पुन्हा भरली नाही. त्या कंपनीशी झालेला वाद, ॲपच्या आधी आणि सोबत वापरलेली फुकटची साधने, तसेच विद्यार्थी मिळावेत म्हणून समाजमाध्यमांवर केलेला खर्च यांविषयी सविस्तर लिहायचे ठरवले, कारण मोडी या जुन्या मराठी लिपीसारख्या विषयाचे छोटे वर्ग घरून चालवणारे अनेक जण आता हीच खरेदी करण्याच्या बेतात आहेत. या साधनांची प्राथमिक माहिती वाचकांना आहे असे मी धरून चालते.

मी साताऱ्यातून शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांत निवृत्त तलाठी आणि शिक्षक आहेत, वकिलांकडे काम करणारे मदतनीस आहेत, इतिहासात एम. ए. करणारी मुले आहेत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि तंजावर येथील काही मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी मोडी कागदांची दप्तरे आहेत, परंतु ती वाचणारे कोणी उरलेले नाही. दुबई आणि न्यू जर्सी येथूनही काही जण शिकतात. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा दुबईत साडेसहा आणि न्यू जर्सीत ऋतुमानाप्रमाणे सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा होतात, त्यामुळे शनिवारी आठची वेळ सगळ्यांना जमते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचता येणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. वर्गाकडे येणारा ओघ वाढला आणि केवळ व्हॉट्सॲप गटावर काम भागेना, म्हणून मी ॲप घेतले.

मोडी शिकवताना साधनाची पारख एकाच गोष्टीवर होते : कागदाचे चित्र विद्यार्थ्याच्या हाती जसेच्या तसे पोहोचते की नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण या एका मुद्द्यावर माझे सारे मत ठरले. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात; शब्द सुटे केलेले नसतात. वाचणाऱ्याला आधार असतो तो अक्षराच्या गाठीचा, बोरूच्या जाड-बारीक होणाऱ्या रेषेचा आणि जोडाक्षर कोठे वळले आहे त्या बारीकशा वळशाचा. त्यातच कागदावर कसरीची भोके, शाईचे शिंतोडे आणि डाग असतात. मूळ चित्र मोठे करून पाहिले तर अनुस्वार कोणता आणि डाग कोणता हे कळते. चित्र दाबून लहान केले की दोन्ही सारखेच करडे ठिपके होतात आणि नवशिका विद्यार्थी आपल्याला हे जमणारच नाही असे समजून वर्ग सोडतो. मोडी पत्रे बहुधा बंदांवर, म्हणजे कागदाच्या लांब, अरुंद पट्ट्यांवर लिहिलेली असतात, ही आणखी एक अडचण. ॲप चित्राची लांब बाजू ठराविक मापात बसवते, त्यामुळे बंद जितका लांब तितकी त्यावरची अक्षरे बारीक होतात. चौकोनी फोटोला जे सोसते ते अशा बंदाला सोसत नाही.

विकत घेतलेल्या ॲपमध्ये हेच होत होते. फी, हजेरी, वेळापत्रक, सूचना हे सारे त्यात नीटनेटके होते आणि आपल्या वर्गाच्या नावाचे ॲप विद्यार्थ्याच्या फोनवर दिसते याचे समाधानही होते. परंतु टाकलेले प्रत्येक चित्र ते दाबून घेई आणि मूळ चित्र ठेवण्याची सोय कोठेही नव्हती. मी कंपनीच्या मदत विभागाला एकाच कागदाची दोन चित्रे पाठवली, एक माझ्याकडचे आणि एक ॲपमधून उतरवून घेतलेले, आणि कोणती ओळ वाचता येत नाही तेही दाखवून दिले. उत्तर आले, ‘मॅडम, साइज कमी केल्याशिवाय ॲप वेगाने चालणार नाही, इतर क्लासेसना अडचण येत नाही.’ इतर क्लासेसमध्ये छापील पाने आणि फळ्याचे फोटो असतात, तेथे अडचण येणार नाही हे मला मान्य आहे. माझी मागणी एवढीच होती की चित्र मूळ रूपात ठेवण्याचा पर्याय द्यावा, आणि ते शक्य नसेल तर उरलेल्या महिन्यांची रक्कम परत करावी. रक्कम मिळाली नाही. वर्गणीत माझ्या एका तुकडीच्या फीचा मोठा भाग जातो, त्यामुळे ही बाब मी सहज सोडून दिली नाही आणि कित्येक आठवडे पत्रे लिहीत राहिले.

ॲप सोडायचे ठरवल्यावर आणखी एक उणीव पुढे आली. विद्यार्थ्यांची नावे, फोन आणि फीच्या नोंदी एकत्र उतरवून घेण्याची सोय ॲपमध्ये नव्हती. बऱ्याच पाठपुराव्यानंतर कंपनीने यादी पाठवली ती पीडीएफमध्ये, म्हणजे ती वहीत उतरवावी तशी पुन्हा हाताने भरावी लागली. विद्यार्थ्यांनी वर्षभर लिहून पाठवलेली सरावाची पाने तर मिळालीच नाहीत. ज्यांना असे ॲप घ्यायचे असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः करून पाहाव्यात : एक लांब बंद त्यात टाकून परत उतरवून घ्यावा, आणि सगळी यादी एक्सेलमध्ये निघते का ते पाहावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता फुकटच्या साधनांविषयी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबला जातो हे बहुतेकांना माहीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायाने त्यात सुधारणा झाली, तरी तेही मूळ चित्र नव्हे. तोच कागद ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर जसाच्या तसा पोहोचतो, आणि ही मर्यादा आता २ जीबीपर्यंत असल्याने मोडीच्या कोणत्याही कागदाला ती पुरते. टेलिग्रामवरही ‘फाइल’ म्हणून पाठवावे लागते. सुरुवातीला मी टेलिग्रामला नकार दिला होता, कारण ज्येष्ठ विद्यार्थ्यांना आणखी एक ॲप शिकवणे जड वाटत होते. पुढे माझे मत बदलले ते दोन कारणांनी. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला तेथे आधीचे सारे धडे वाचता येतात, आणि आपला फोन नंबर इतरांपासून झाकून ठेवता येतो. साध्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो आणि अनोळखी माणसांचे वैयक्तिक संदेश येऊ लागले की विशेषतः महिला विद्यार्थ्यांना त्याचा त्रास होतो. वर्गात कोण आहे हे जाहीर न होणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे असे मला वाटते. नोव्हेंबर २०२२ पासून आलेल्या व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे ज्यांना टेलिग्राम नकोच त्यांच्यासाठी मी तो गट ठेवला आहे.

थेट वर्ग गूगल मीटवर होतो. तिघे किंवा अधिक जण असले की फुकटच्या खात्यावर ६० मिनिटांची मर्यादा येते. तिला मी अडचण समजत होते. आता तासाची आखणीच तशी केली आहे, पहिली चाळीस मिनिटे वाचन आणि उरलेला वेळ शंका. मात्र अक्षर कसे काढायचे हे मीटवर शिकवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नेट मंद झाले की चित्र अडखळते आणि रेषा कोठून सुरू होऊन कोठे वळली तेच विद्यार्थ्याला दिसत नाही. त्यासाठी फोन स्टँडला लावून, बोरू आणि हात दिसतील असे वरून चित्रण करते आणि ते यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवते. यूट्यूबचा वेग ०.२५ पर्यंत कमी करता येतो, आणि हीच सोय माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक उपयोगी पडली. बडोद्याचे एक निवृत्त गृहस्थ पहिल्या महिन्यात वर्ग सोडण्याच्या विचारात होते. त्यांनी संथ वेगाने चित्रफीत लावून प्रत्येक अक्षर गिरवले आणि नंतर फोनवर म्हणाले, ‘बाई, आता हात कुठे वळतो ते दिसलं.’ ते आज आजोबांच्या काळातील खरेदीखते स्वतः वाचतात. अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे, दुवा ज्याला मिळेल तो पाहू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या घरचे कागद मी अशा चित्रफितीत कधीही घेत नाही. गहाणखत किंवा वाटणीपत्र शंभर वर्षांपूर्वीचे असले तरी त्यावरचा वाद आजही कोर्टात असू शकतो.

गृहपाठासाठी गूगल क्लासरूम घेतले ते नाइलाज म्हणून आणि आज तेच सर्वांत मोलाचे वाटते. विद्यार्थी वहीच्या पानाचा फोटो जोडतो, मी मोबाइलवरील ॲपमध्ये त्याच पानावर लाल रेषेने गाठ दुरुस्त करून परत करते, आणि ती दुरुस्ती इतर कोणाला दिसत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला गटात सर्वांसमोर चूक दाखवली की तो पाने पाठवणे थांबवतो. येथे ते टळले आणि पाने नियमित येऊ लागली. विकतच्या ॲपमध्ये पानावर लिहिण्याची सोयच नव्हती, खाली टिप्पणी करावी लागे, आणि ‘तिसऱ्या ओळीतील सातवे अक्षर’ असे शब्दांनी सांगून वळण सुधारत नाही.

गूगल फॉर्मच्या प्रश्नमंजुषेविषयी मात्र सावध केले पाहिजे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद लिहीत नाहीत; वेलांटी आणि उकार एकेकच. त्यामुळे लिप्यंतर करताना एकाने ‘किंमत’ आणि दुसऱ्याने ‘कींमत’ लिहिले तर मूळ अक्षर दोघांनीही बरोबर ओळखलेले असते. फॉर्म अक्षरन्‌अक्षर जुळवून गुण देतो, त्यामुळे संभाव्य सारी उत्तरे आधी भरून ठेवावी लागतात. त्यापेक्षा आकड्यांच्या उत्तरांचे प्रश्न फॉर्मवर उत्तम चालतात. ‘सलास सबैन मया व अलफ’ हे सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिलेले वर्ष, अंकांत लिहा, असे विचारले की ११७३ हे एकच उत्तर येते, आणि त्यात ५९९ मिळवून इसवी सन १७७२ कसे येते हेही उत्तरानंतर दिसणाऱ्या टिपेत देता येते. या सरावात विद्यार्थी रमतात. कागदावरची तारीख लावता आली की पुढचा मजकूर कोणत्या पेशव्याच्या काळातला हे आपोआप उमगते.

विद्यार्थी मिळवण्याच्या बाजूकडे वळते. फेसबुकवर पैसे भरून केलेल्या जाहिरातीला १८ टक्के जीएसटी धरून जो खर्च आला तो मला परवडला नाही. चौकशा पुष्कळ आल्या, परंतु बहुतेकांना मोडी शिकायची नव्हती, आपला कागद कोणीतरी वाचून द्यावा असे वाटत होते. ती गरज खरी आहे आणि तिला उत्तर देणे मी माझे काम समजते, तरी वर्गाच्या जाहिरातीवरचा पैसा त्यासाठी खर्च करणे योग्य नाही. इन्स्टाग्रामवर उभ्या चौकटीत मोडीची आडवी ओळ मावत नाही. ती तोडली की शिरोरेघेचा सलगपणा जातो आणि पाहणाऱ्याला मोडी म्हणजे सुटी, सजावटीची अक्षरे वाटतात. नाव मोडीत लिहून देणाऱ्या रील्सना पुष्कळ प्रेक्षक मिळतात, परंतु त्यांतून वर्गाला येणारे विरळा.

खरा उपयोग झाला तो पैसे न लागणाऱ्या एका उपक्रमाचा. फेसबुक पानावर रोज सकाळी पेशवेकालीन पत्रातील एकच ओळ देते, आणि तिचे मोठे, न दाबलेले चित्र ड्राइव्हवर ठेवून दुवा सोबत जोडते. लोक टिप्पणीत वाचन लिहितात, एकमेकांना दुरुस्त करतात, आणि मी दुसऱ्या दिवशी पूर्ण वाचन देते. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ मध्येच स्थान मिळाले असले तरी सर्वसाधारण फोनच्या कळफलकावर ती नसते, त्यामुळे उत्तरे देवनागरीतच येतात आणि नवख्या माणसालाही त्यांतून शिकता येते. पहिले काही आठवडे दोन-तीन ओळखीचेच लोक उत्तरे देत होते आणि हे बंद करावे असे माझ्या मनात आले होते. आता माझ्या नव्या तुकडीतील निम्म्याहून अधिक विद्यार्थी या ओळींतून येतात. ते येतात तेव्हा त्यांना ‘राजश्री’साठी ‘रा॥’ आणि ‘पैवस्ती’साठी (पत्र पोहोचल्याची नोंद) ‘पौ॥’ ही लघुरूपे ठाऊक असतात, वर्ग अवघड आहे हेही ठाऊक असते, आणि ते मध्येच सोडून जात नाहीत. आठ दिवसांत मोडी शिका असे सांगणाऱ्या जाहिराती मी पाहते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. मुळाक्षरे आठ दिवसांत ओळखता येतात. कागद वाचायला महिने लागतात, आणि हे आधी सांगितल्याने विद्यार्थी कमी झाले नाहीत.

सध्या माझा महिन्याचा खर्च इंटरनेटपुरता उरला आहे. फुकटच्या खात्यातील १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असते, आणि न दाबलेले बंद ती लवकर भरतात. त्यासाठी तुकडी संपली की विद्यार्थ्यांना आपापली पाने आणि कागद उतरवून घ्यायला पंधरा दिवस देते, माझी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि ड्राइव्ह रिकामे करते. जागा विकत घ्यावी लागली तरी तिची किंमत त्या ॲपच्या वर्गणीच्या जवळपासही जात नाही. फीच्या नोंदी आता साध्या स्प्रेडशीटवर आहेत आणि त्या सोडून दुसरे काही घेण्याचा माझा विचार नाही.