ॲनिकच्या विल्यम डेव्हिसनची छपाई: चॅपबुक, निवडणूक पत्रक की बर्न्सचे खंड, आधी काय घ्यावे?

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलँडमध्ये, ॲनिक (Alnwick) हे बाजाराचे गाव आहे. स्पेलिंगमधले एल आणि डब्ल्यू उच्चारात येत नाहीत, त्यामुळे शोध घेताना नाव सापडत नाही असे वाटू शकते. या गावात विल्यम डेव्हिसन (1781–1858) औषधांचे दुकान आणि छापखाना दोन्ही चालवत होता. मुलांसाठी अर्ध्या पेनीची पुस्तके, निवडणुकीची पत्रके, कवितांचे सचित्र खंड, गावाचे वर्णन, चित्रांच्या ठोकळ्यांची नमुनावही आणि 1854 पासून ‘ॲनिक मर्क्युरी’ हे पत्र, असे सगळे त्याने छापले. त्यातले पहिले काय घ्यावे, हा संग्राहकाचा खरा प्रश्न.

बहुतेक जण चॅपबुकपासून, म्हणजे त्या काळच्या स्वस्त, पातळ पुस्तिकांपासून, सुरुवात करतात. स्वस्त, लहान आणि चित्रांनी भरलेली म्हणून ती मोहात पाडतात. पण डेव्हिसनच्या छपाईत सर्वाधिक फसगत होते ती इथेच.

चॅपबुकची रचना साधी. नेहमीच्या साच्यात एक ताव दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घातल्या की 12 पाने, म्हणजे 24 पृष्ठे होतात. मग मधल्या दुमडीत दोऱ्याचे दोनचार टाके घालायचे, झाले पुस्तक. घेताना आधी मधले पान उघडून दोरा जुना आहे का ते पाहावे. तिथे तारेची पिन असेल तर ती नंतर कुणीतरी मारलेली असते आणि तिच्या गंजाने कागद हमखास खाल्लेला असतो. कडा नंतर छाटल्या आहेत का, हेही पाहावे. छाटणीत वरचे पृष्ठक्रमांक अर्धे कापले जातात.

मुख्य अडचण काळाची आहे. अशा पुस्तिकांवर बहुधा साल नसते आणि चित्रावरून ते काढता येत नाही. हे नीट समजायला ठोकळा कसा तयार होतो ते माहीत हवे. न्यूकॅसलचा लाकूड कोरणारा कारागीर टॉमस ब्युइक याने (1753–1828) रुळवलेल्या पद्धतीत बॉक्सवुडचे कठीण लाकूड आडवे कापून, त्याच्या टोकाकडच्या पृष्ठावर बारीक टाकीने कोरतात. जिथे कोरले तिथे छापात पांढरे उमटते. ठोकळा छपाईच्या अक्षराच्या खिळ्याइतकाच, साधारण 23 मिलिमीटर उंच ठेवला की तो मजकुराच्या फर्म्यातच, म्हणजे जुळवलेल्या अक्षरांच्या चौकटीतच, बसतो आणि एकाच दाबात अक्षरे व चित्र दोन्ही छापून निघतात. तांब्याच्या पत्र्याला वेगळे यंत्र लागते, लाकडी ठोकळ्याला लागत नाही. गावच्या छापखान्याला सचित्र पुस्तके परवडली ती यामुळे.

डेव्हिसनने याच्या पुढची पायरी गाठली. लाकडी ठोकळ्यांवरून धातूचे ठोकळे ओतून तो ते इतर छापखान्यांना विकत असे. लाकडाचा ठोकळा गोठत आलेल्या धातूत दाबून साचा घ्यायचा, साच्यावरून पातळ धातूचा ठसा ओतायचा आणि तो लाकडी पाट्यावर खिळ्यांनी ठोकून योग्य उंचीला आणायचा, ही त्या काळातली एक प्रचलित पद्धत. तिच्या खुणा छापात राहतात. बारीक पांढऱ्या रेषा बुजतात, सावलीचा भाग काळा गोळा होतो आणि कोपऱ्यातला खिळा वर सरकला की कोऱ्या जागेत छोटा काळा ठिपका पडतो. मूळ लाकडाला गेलेली तडा ओतीव ठशातही जशीच्या तशी उतरते, म्हणून ‘तडा दिसते, अर्थात हा मूळ ठोकळा’ हा तर्क चुकीचा. एकच कुत्रा, एकच जहाज किंवा एकच शेतकरी अनेक गावांच्या छपाईत भेटतो. म्हणून छापकाचे नाव नसलेले चॅपबुक केवळ चित्र ओळखीचे वाटते म्हणून डेव्हिसनचे मानू नये. ‘ब्युइकची चित्रे’ हे विक्रेत्याचे शब्द तर पुराव्याशिवाय सोडूनच द्यावेत.

खुद्द ब्युइकशी नाते हवे असेल तर स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितांचे दोन खंड घ्यावेत. डेव्हिसन आणि जॉन कॅटनॅक भागीदार असताना 1808 मध्ये ते ॲनिकला छापले गेले. रेखाटने चित्रकार थर्स्टनची, कोरीव काम ब्युइकच्या नावाने. त्याच्या कारखान्यात शिष्यांचेही हात लागत, हे ध्यानात असू द्यावे. इथे साल, ठिकाण आणि छापकांची नावे सगळे मुखपृष्ठाच्या आत छापलेले आहे, त्यामुळे ओळखीचा वाद नाही. त्रास होतो तो अपुऱ्या प्रतींचा: चित्रांची पाने काढून चौकटीत लावलेली असतात. दोन्ही खंड एकाच बांधणीचे आहेत का ते पाहावे आणि पानांच्या तळाशी असलेली, एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांचा क्रम दाखवणारी अक्षरे ओळीने तपासावीत. जे, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरे त्या क्रमात वापरत नसत, तेव्हा ती नाहीत म्हणून पाने गहाळ समजू नयेत. डेव्हिसनने 1814 मध्ये काढलेले स्कॉटिश कवी फर्ग्युसनचे खंडही याच जातीचे आहेत. चित्रांसाठी घ्यायचे तर बर्न्स, यात शंका नाही. मात्र छापखान्याचे रोजचे काम त्यातून कळत नाही.

ते कळते पत्रकातून, आणि आमची पहिली पसंती त्यालाच. 1799 च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर छापकाचे नाव-पत्ता घालणे आणि एक प्रत सहा महिने जपून ठेवणे बंधनकारक केले होते. म्हणून पत्रकावर डेव्हिसनचे नाव सापडते. ते बहुधा अगदी शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत असते आणि कडा छाटताना नेमके तेच जाते. तळाचा समास नसलेल्या पत्रकाला डेव्हिसनच्या नावाचा भाव देऊ नये.

1826 ची नॉर्थम्बरलँडची निवडणूक हा या कामाचा हंगाम. लिडेल, बेल, ब्यूमाँट आणि लॉर्ड हॉविक असे चार उमेदवार, जागा दोन, मतदान ॲनिकला 20 जून ते 6 जुलै. रोज नवे आरोप, रोज नवी उत्तरे, टवाळीची गाणी. बेल आणि लिडेल निवडून आले. गुप्त मतदान 1872 मध्ये आले, तोवर कोणी कोणाला मत दिले ते नावानिशी छापले जाई. या निवडणुकीची तशी मतदारवहीही डेव्हिसनने काढली. पत्रक आणि मतदारवही शेजारी ठेवली की गावातले तट डोळ्यांसमोर उभे राहतात.

तारीख नसलेल्या पत्रकाचा अंदाज टायपावरून बांधता येतो. ठसठशीत चौकोनी पायांची अक्षरे इंग्लंडमध्ये 1815 च्या आसपासची, त्याआधीची नव्हेत. कागद उजेडासमोर धरून जलचिन्हातले साल पाहावे. छपाई त्या सालाआधीची असू शकत नाही, नंतरची मात्र असू शकते.

गावाचा 1822 चा वर्णनग्रंथ स्थानिक इतिहासाची आवड असेल तरच. ‘मर्क्युरी’चे अंक वाचायला उत्तम, संग्रहाला अवघड. उलट ठोकळ्यांची नमुनावही मूळ रूपात मिळणे कठीण असले तरी प्रिंटिंग हिस्टॉरिकल सोसायटीने 1990 मध्ये तिची प्रतिकृती काढली आहे. चॅपबुकला हात घालण्याआधी ती जवळ हवीच, कारण ओतीव ठसे ओळखायची सवय तिच्यामुळे लागते.

याच काळाचा एक धागा मराठीपर्यंत येतो. डर्बीत छपाई शिकलेला विल्यम वॉर्ड बंगालमधल्या सेरामपूरला गेला आणि विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये त्याच मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. इंग्लंडच्या गावोगावच्या छापखान्यांतले कसब तिथेही कामाला आले होते.

मुंबईत किंवा कोकणात ठेवणार असाल तर जुनी खळ आणि ओलसर हवा या दोन गोष्टी सांभाळा. वहीत चिकटवलेल्या पत्रकाची खळ कसर खाते आणि तिच्याबरोबर कागदही कुरतडते. चिंध्यांपासून केलेला हा कागद मजबूत असतो, पण घडीवर तुटतो. म्हणून पत्रक उलगडून, आम्लरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवावे. लॅमिनेशन करू नये आणि फाटलेली घडी पारदर्शक चिकटपट्टीने जोडू नये. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग तो निघत नाही.