सॅनिटायझरने आकडा वाढला, आणि 34,500 रुपये गेले

पहिलंच सांगतो, मी अडाणी नाही. साखर कारखान्यात 31 वर्षं हिशेब लिहिला, दुसऱ्याची पाच रुपयांची चूक पकडायचो. तरीही सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसवून मला 34,500 रुपयांना गंडवलं.

थंडीत गॅस गिझरच्या बातम्या येतात. बाथरूमचं दार बंद, खिडकी बंद, आणि माणूस आतच गेला. आमचाही गिझर बाथरूममध्येच आहे, शिवाय आई 81 वर्षांची. ही भीती दारात आलेल्या दोघा विक्रेत्यांना बरोबर ठाऊक होती. गॅस कंपनीसारखं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, 'घरातल्या हवेची मोफत तपासणी'. ओळखपत्रावर कंपनीचं नाव होतं, पण ते मी नीट वाचलं नाही.

त्यांच्या हातातल्या मीटरवर कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गिझरमधून निघणारा तो विषारी वायू, 12 दाखवत होता. मग त्यातल्या धाकट्याने खिशातून सॅनिटायझर काढून हात चोळले, तेच हात मीटरजवळ नेले आणि आकडा चढत चढत 380 वर गेला, लाल दिवा, शिट्टी. आई पाटावर बसून शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "अरे, त्यानं हाताला ते लावलं की वाढतंय बघ." आणि मी तिला म्हणालो, "आई, तू गप्प बस की जरा."

हे वाक्य मला झोपू देत नाही. 81 वर्षांच्या बाईला दिसलं ते मला दिसलं नाही. खरोखर 380 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 380 भाग) असतं तर तासा-दोन तासांत आमची डोकी ठणकली असती. आम्ही सकाळपासून घरात होतो, आणि आई मजेत शेंगा निवडत होती!

हिशेब असा: वायू ओळखून शिट्टी वाजवणारी चार यंत्रं, प्रत्येकी 6,450, म्हणजे 25,800. बसवण्याचे 1,200. तीन वर्षांच्या 'कॅलिब्रेशन'चे, म्हणजे आकडे तपासून जुळवून देण्याचे, 7,500. दहा हजार यूपीआयने, बाकी 24,500 रोख, कारण 'रोखीत जीएसटी वाचतो'. हो, मीच तयार झालो. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, खोक्यावर ना किंमत ना बनवणाऱ्याचा पत्ता.

स्वयंपाकघरातलं गॅसगळतीचं यंत्र त्यांनी माळ्याच्या वर, छताला टेकवून बसवलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, हे सिलिंडर आणणारा पोरगासुद्धा सांगतो. मलाही माहीत होतं. मी खाली उभा राहून स्टूल धरलं होतं.

आठवड्याने भाचा आला, तो इन्स्ट्रुमेंटेशनवाला, मोजमापाच्या यंत्रांचं काम करणारा. "मामा, स्क्रू ड्रायव्हर द्या." यंत्राच्या आत जाळीची छोटी डबी निघाली. एमक्यू-135 नावाचा सेन्सर, बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळतो. तो तापवलेला असतो आणि अल्कोहोल, धूर, अमोनिया अशा कशालाही उचल खातो. नेमका कोणता वायू आहे हे त्याला कळत नाही. त्याच एका आकड्याला वेगवेगळ्या संख्यांनी गुणून पडद्यावर चार वायूंची नावं टाकली होती. चारही आकडे बरोबरच वर जातात, बरोबरच खाली येतात. आईने देवापुढे कापूर लावला की घर 'विषारी'. कार्बन मोनॉक्साइडसाठी इलेक्ट्रोकेमिकल (रासायनिक क्रियेने वायू ओळखणारा) सेन्सर विचारा, त्याची मुदत विचारा, तो काही वर्षांत संपतो. आणि 'टेस्ट' बटण दाबून शिट्टी वाजली म्हणून खूश होऊ नका, त्याने वायू ओळखता येतो की नाही हे कळत नाही.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिले ना? मग हे दिवाणी." सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन केला तर उत्तर, समोरासमोर दिलेत, हा सायबर नाही. मग दहा हजार यूपीआयने गेले ते काय पोस्टाने गेले? वजनमापवाल्यांकडे गेलो. खोक्यावर किंमत नसणं हा त्यांचाच विषय, पण "खोकं ठेवून जा, साहेब दौऱ्यावर आहेत." तिसऱ्यांदा गेलो तर खोकंच सापडेना. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार क्रमांक मिळाला, सोबत सल्ला: समोरच्या पार्टीचा पत्ता द्या. बिलावरचा पत्ता मिरजेचा, तिथे पंक्चरचं दुकान. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण नोटीस कुणाला पाठवायची, पंक्चरवाल्याला? माणूस फसतो एकदा, आणि मग त्याला दारोदार सांगायला लावतात की तू कसा मूर्ख.

गिझर भाच्याने बाहेरच्या गॅलरीत हलवून घेतला, 1,800 रुपयांत. हे आधीच करायचं होतं, यंत्र नंतर.

आमच्या गल्लीत आणखी तिघांकडे हीच यंत्रं आहेत. एकत्र तक्रार देऊ म्हणून सह्या मागायला गेलो. तिघांनीही "आमचं मस्त चाललंय" म्हणून दार लावलं. एकाचं यंत्र खिडकीतून दिसलं, त्यावर टॉवेल वाळत घातला होता.